शहर कोणी चालते ठेवले?

कोणत्याही राज्यव्यवस्थेचे खरे स्वरूप ओळखावयाचे असेल, तर संकटाच्या दिवसांत ती कोणाला घरी बसावयास सांगते आणि कोणाला कामावर बोलावते, हे पाहिले पाहिजे. २४ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. त्याआधीच, २२ मार्चपासून, मुंबईच्या उपनगरी गाड्या थांबल्या होत्या. कार्यालये, गिरण्यांच्या जागी उभी राहिलेली व्यापारी संकुले, शेअर बाजारातील दलालांच्या पेढ्या, सारे काही बंद झाले किंवा घरातून चालू लागले. तथापि दुसऱ्या दिवशी पहाटे महापालिकेच्या हजेरी चौक्या उघडल्या. सफाई कामगारांनी सही केली, झाडू व ढकलगाडी घेतली, आणि ते रस्त्यावर उतरले. भातसा, तानसा, वैतरणा येथून शंभर-शंभर किलोमीटरचा प्रवास करून येणारे पाणी नेहमीच्या वेळी नळाला आले, कारण ते सोडणारे चावीवाले आपल्या जागी होते. बेस्टच्या गाड्या डेपोतून निघाल्या. शहर थांबले असे आपण सर्वजण म्हणत होतो. वस्तुतः शहर थांबले नव्हते. ते काही माणसांच्या अंगावर चालू होते.

ही माणसे कोण होती, त्यांना त्या काळात काय मिळाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब मांडणे हे आपले काम आहे. ‘मुंबई मॉडेल’ या नावाने जो गौरव झाला, त्यात हा हिशेब सापडत नाही. त्या गौरवात आयुक्त आहेत, तात्पुरती भव्य रुग्णालये आहेत, संगणकीय तक्ते आहेत. हजेरी चौकी मात्र त्यात नाही.

जुन्या साथींची साक्ष

मुंबईला हा अनुभव नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये पालिकेने संशयित रुग्णांना सक्तीने घराबाहेर काढून रुग्णालयात नेण्याचा हुकूम काढला. त्याचा परिणाम असा झाला की, २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चाल केली. लक्षावधी लोक शहर सोडून गेले. त्या वेळचे पालिका आयुक्त स्नो यांना सर्वांत अधिक धास्ती कशाची वाटली? रोगाइतकीच त्यांना धास्ती वाटली ती सफाई कामगार पळून जाण्याची. त्या काळच्या दप्तरी भाषेत ज्यांना ‘हलालखोर’ म्हटले जाई, ते कामगार निघून गेले तर शहर राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांनी आपल्या अहवालात स्पष्टपणे नोंदविले आहे. सक्तीचे हुकूम महिनाअखेरीस सौम्य करण्यात आले, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

या घटनेचा अर्थ आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या समाजाने या माणसांना अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवले, त्याच समाजाची राजधानी त्यांच्यावाचून एक आठवडा टिकणार नव्हती, आणि साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना ते ठाऊक होते. पण ठाऊक असूनही त्यांनी कामगारांच्या घरांचा, वेतनाचा वा प्रतिष्ठेचा प्रश्न हाती घेतला नाही. १८९७ साली साथरोग कायदा आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. कायद्याने अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार दिले, आणि ट्रस्टने गरिबांच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. त्याच वर्षांत, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. साथीला तोंड देण्याच्या दोन रीती या एकाच कालखंडात आपल्यासमोर आहेत. एक हुकुमाची, दुसरी सेवेची आणि समतेची.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या विषमतेचा आकडाच दिला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या साथीत युरोपियनांमधील मृत्यूचे प्रमाण हजारी ८.३ होते, तर तत्कालीन नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून गणलेल्यांमध्ये ते हजारी ६१.६ होते. रोगजंतू एकच, शहर एकच, आणि मरणाच्या प्रमाणात सातपटींहून अधिक अंतर! साथ सर्वांना सारखेच गाठते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

२०२० मध्ये यंत्रणा कशी चालली

कोरोनाचे पहिले रुग्ण मुंबईत ११ मार्च २०२० रोजी आढळले. त्यांना दाखल करण्यात आले ते कस्तुरबा रुग्णालयात. १८९६ साली गिरणी कामगारांनी ज्यावर चाल केली होती, तेच हे आर्थर रोडचे रुग्णालय. सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांना ज्या इमारतीची दहशत होती, तिच्याकडे या वेळी लोक आशेने पाहत होते. यामागे एका सार्वजनिक संस्थेची पिढ्यानपिढ्यांची पुण्याई आहे. केईएम, नायर, शीव आणि कस्तुरबा ही रुग्णालये पालिकेच्या मालकीची नसती, तर एप्रिल २०२० मध्ये मुंबईने कोणाच्या दारात जाऊन पदर पसरला असता? त्या पहिल्या आठवड्यांत खासगी दवाखाने मोठ्या संख्येने बंद होते. ते उघडावेत म्हणून सरकारला परवाने रद्द करण्याची ताकीद द्यावी लागली, हे विसरून चालणार नाही.

प्रारंभीचे दिवस गोंधळाचेच होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रुग्णाला घेऊन नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत होते. मे महिन्यात शीवच्या रुग्णालयात रुग्णांशेजारी मृतदेह पडून असल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. सार्वजनिक आरोग्यसेवेकडे अनेक दशके केलेल्या दुर्लक्षाचे ते फळ होते. कोणताही नवा आयुक्त ते एका रात्रीत पुसून टाकू शकला नसता.

परंतु पुढे ज्या गोष्टी यशस्वी झाल्या, त्यांचे स्वरूपही पाहावे. पहिली गोष्ट विकेंद्रीकरणाची. जून २०२० मध्ये खाटा देण्याचे काम एकाच मध्यवर्ती दूरध्वनीवरून काढून शहराच्या २४ विभागांत स्थापन केलेल्या नियंत्रण कक्षांकडे सोपविण्यात आले. ‘वॉर रूम’ हे त्यांचे नाव लष्करी असले, तरी काम नागरी होते. तपासणीचे अहवाल प्रयोगशाळेने परस्पर रुग्णाला न देता प्रथम पालिकेला द्यावेत, आणि विभागातील कक्षाने रुग्णाशी संपर्क साधून त्याची खाट ठरवावी, अशी ही पद्धत होती. खाट पैशाच्या वा ओळखीच्या बळावर मिळू नये, गरजेप्रमाणे मिळावी, हे त्यामागील तत्त्व. ते सर्वत्र पाळले गेले असा दावा कोणी करणार नाही. पण तत्त्व कोणते होते हे ध्यानात घ्यावे. ज्याला आपण नियोजन म्हणतो, आणि ज्याची बाजारवादी पंडित तीस वर्षे टिंगल करीत आले, तेच हे नियोजन होते.

दुसरी गोष्ट खासगी मालकीवरील नियंत्रणाची. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या व त्यांचे दर बांधून दिले. मरोळ येथे पालिकेच्या जमिनीवर खासगी भागीदारीतून उभारलेले, पण आर्थिक डबघाईस येऊन बंद पडलेले सेव्हन हिल्स रुग्णालय पालिकेने चालविले. बाजार ज्या ठिकाणी हरला, त्या ठिकाणी सार्वजनिक यंत्रणा उभी राहिली. एरवी अशी मागणी आपण केली असती, तर तिला अव्यवहार्य, कालबाह्य, समाजवादी भाबडेपणा म्हटले गेले असते.

तिसरी गोष्ट धारावीची. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत-बाहेरचे क्षेत्रफळ, पालिकेच्या अंदाजाप्रमाणे साडेआठ लाखांची वस्ती, आणि बहुसंख्य कुटुंबे सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहत असताना ‘घरात अंतर ठेवा’ हा उपदेश निरर्थक होता. तेव्हा पालिकेने घरोघर जाऊन रुग्ण शोधणे, शाळा व क्रीडासंकुलात विलगीकरणाची सोय करणे, तेथे जेवण देणे, शौचालये दिवसातून अनेकदा धुऊन काढणे, स्थानिक खासगी डॉक्टरांना सोबत घेणे, असा मार्ग धरला. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख गौरवाने केला. हा गौरव घरोघर फिरलेल्या आरोग्य सेविकांचा आणि शौचालये धुणाऱ्या कामगारांचा प्रथम आहे.

तथापि या यशाची भोळी स्तुती आपण करू नये. जुलै २०२० मध्ये शहराच्या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना, तर इतर वस्त्यांत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे त्यात दिसले. तीत धारावी नव्हती. पण मुंबईच्या झोपडपट्टीतील माणूस रोगापासून वाचला नव्हता, हे तिने सिद्ध केले. सामायिक शौचालय, सामायिक नळ आणि दाट वस्ती यांनी त्याला रोगाच्या हवाली केले. पालिकेने मरणे कमी केली असतील. घराचा, पाण्याचा आणि शौचालयाचा मूळ प्रश्न होता तेथेच राहिला.

हात कोणाचे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. महापालिकेचे नोकर जवळजवळ एक लाख. टाळेबंदीत त्यांपैकी असंख्यांना विरार, कल्याण, बदलापूर, पनवेल येथून कामावर यावयाचे होते, कारण मुंबई चालविणाऱ्या माणसाला मुंबईत घर परवडत नाही. उपनगरी गाड्या १५ जून २०२० पर्यंत त्यांच्यासाठीही बंद होत्या. तोवर त्यांना आणले ते बेस्टच्या आणि एस.टी.च्या गाड्यांनी. म्हणजे एका सार्वजनिक सेवेचा कामगार दुसऱ्या सार्वजनिक सेवेच्या कामगाराला खांद्यावर घेऊन येत होता. चालक-वाहक आजारी पडले, सफाई कामगार आजारी पडले, परिचारिका, वॉर्डबॉय, आया, स्मशानातील कामगार आजारी पडले. अनेकांनी प्राण गमावले.

शिक्षकांनी नियंत्रण कक्षात दूरध्वनी घेतले. ज्या खात्यांचे काम थांबले होते, त्यांतील कर्मचारी सर्वेक्षणाला व अन्नवाटपाला गेले. हे कशामुळे शक्य झाले? पालिकेच्या हजेरीपटावर कायम माणसे होती म्हणून. कायम कर्मचाऱ्याला आज एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, नेहमीच्या कामावरून संकटाच्या कामावर नेता येते. त्याला संस्थेचे ज्ञान असते, वस्तीची ओळख असते. कोणत्या गल्लीत पाण्याची चावी कोठे आहे हे नकाशात लिहिलेले नसते, ते चावीवाल्याच्या डोक्यात असते. याउलट कंत्राट म्हणजे लिहिलेले तेवढेच काम. साथीचे कलम कंत्राटात नसते, आणि ते घालावयाचे तर त्याची किंमत कंत्राटदार ठरवितो. संकटात लवचिकता देते ती कायम नोकरी, हा या साथीचा धडा आहे. आपल्याला मात्र तीन दशके याच्या नेमके उलट शिकविण्यात आले.

आणि ज्यांना कायम केलेले नव्हते, त्यांचे काय? आरोग्य सेविकांचे उदाहरण घ्या. पालिकेच्या सुमारे ४ हजार आरोग्य सेविका, सर्व स्त्रिया, वस्तीवस्तीत दारोदार फिरल्या. ताप मोजणे, रुग्णांची नोंद करणे, घाबरलेल्या माणसांची समजूत घालणे, हे सारे त्यांनी केले. त्यांना मिळते ते ‘मानधन’. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा येतो, भविष्यनिर्वाह निधी येतो, रजा येते. मानधन म्हटले की काहीच येत नाही, कारण मान दिल्यावर धनाची बाब गौण ठरते!

कचरा उचलणाऱ्या कामगारांची कथा याहून जुनी. पालिकेने कचऱ्याचे काम कंत्राटावर देताना एकेका कंत्राटदाराकडे इतके थोडे कामगार दाखविले की, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील २० कामगारांची मर्यादा लागू होऊ नये. काही योजनांत तर कामगाराला ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लबाडी न्यायालयात उघडी केली, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा उचलून धरला. तो विजय मोठा होता. पण एक लढा जिंकला जाईपर्यंत कामगाराचे आयुष्य निघून जाते, आणि तोवर नव्या कंत्राटांत नवे कामगार आलेले असतात. २०१७ साली महाराष्ट्राने ती मर्यादा २० वरून ५० वर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही ५० चीच मर्यादा आहे. जी पळवाट पालिकेला लबाडीने शोधावी लागली होती, ती आता कायद्यानेच रुंद करून दिली आहे.

टाळ्या वाजविल्यानंतर

२२ मार्च २०२० च्या सायंकाळी देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या ज्यांच्यासाठी होत्या, त्यांच्या सेवांचे पुढे काय झाले ते पाहू.

जून २०१९ च्या करारात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा राखण्याचे कबूल करण्यात आले होते. त्याच वर्षापासून भाडेतत्त्वावरील गाड्या येऊ लागल्या. साथीनंतर बेस्टच्या मालकीच्या गाड्या भराभर मोडीत निघाल्या, आणि २०२५ पर्यंत त्यांची संख्या काही शेंवर येऊन ठेपली. ज्या उपक्रमाने साथीत शहराचे रक्ताभिसरण चालू ठेवले, तो १९४७ साली पालिकेने ताब्यात घेतलेला उपक्रम आज आपल्याच डेपोत पाहुणा झाला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या चालकांनी वेतनासाठी संप केला आणि प्रवासी रस्त्यावर ताटकळत राहिले. तो संप न्याय्यच होता. पण मालक कंत्राटदार, प्रवासी बेस्टचे आणि कामगार कोणाचाच नाही, अशी ही व्यवस्था साथीत काय करील?

२०२५ मध्ये शहराच्या बहुतेक विभागांतील कचरा गोळा करून वाहून नेण्याचे काम सेवा कंत्राटाने देण्याची निविदा पालिकेने काढली, आणि कामगार संघटनांना संपाचा इशारा द्यावा लागला. पाच वर्षांपूर्वी ‘कोरोना योद्धा’ म्हणून ज्यांच्या गळ्यात हार घातले, त्यांचेच काम आता लिलावात काढले जाते, यातील कृतघ्नता कोणालाही दिसेल. पण प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाही. हे शहराच्या सुरक्षिततेशी केलेले वैर आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. कायम कर्मचारी कामचुकार होतो, पालिकेचा खर्च आस्थापनेवरच संपतो, खासगी यंत्रणा तेच काम स्वस्तात करते, असे म्हटले जाते. पालिकेच्या कारभारात ढिलाई आहे, मुकादमगिरी आहे, हजेरीत गैरप्रकार आहेत, हे आपण नाकारता कामा नये. कामगार चळवळीनेही हे दोष दूर करण्यात पुरेसा रस घेतला नाही. पण स्वस्ताई कोठून येते ते विचारा. तेच काम, तेच तास, तीच घाण, आणि वेतन निम्मे वा त्याहून कमी, रजा नाही, आजारपणाचा पगार नाही. ही कार्यक्षमता नव्हे, ही वेतनाची चोरी आहे. आणि आजारपणाचा पगार नसलेला कामगार साथीत ताप लपवून कामावर येतो, कारण घरी बसला तर चूल पेटत नाही. मग त्याच्याकडून रोग पसरला तर दोष कोणाचा?

दुसरे म्हणजे पैशाचे. मुंबई महापालिकेचा २०२०-२१ चा अर्थसंकल्प ३३ हजार ४४१ कोटी रुपयांचा होता. देशातील कित्येक लहान राज्यांना हेवा वाटावा, असा हा आकडा आहे. तिच्या ठेवी बँकांत पडून होत्या. चार हजार आरोग्य सेविकांना रीतसर वेतन देण्यास या संस्थेजवळ पैसा नाही, हे कोणी शाळकरी पोरालाही पटवून देऊ शकणार नाही. पैसा आहे, अग्रक्रम नाही.

लोकांचे नियंत्रण कोठे आहे?

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. १७ एप्रिलच्या रात्री प्राणवायूचा साठा संपत आल्याने सहा रुग्णालयांतील १६८ रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. ते वेळीच हलविले गेले. पुढे प्राणवायूच्या व्यवस्थापनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचा दाखला दिला. हे श्रेय त्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना द्यावयास हवेच.

परंतु चांगला अधिकारी मिळणे हा योगायोग असतो. व्यवस्था त्यावर उभी करता येत नाही. १८८८ च्या कायद्याने मुंबईच्या कारभाराचे सूत्र आयुक्ताच्या हाती दिले, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. महापौर शोभेचा. साथीत खर्चाचे विशेष अधिकार आयुक्ताकडे गेले, ते समजण्यासारखे होते. पण नंतर हिशेब मागण्याची वेळ आली तेव्हा काय झाले? राज्य सरकारने महालेखापरीक्षकांना पालिकेच्या कामांची तपासणी करण्यास सांगितले, तेव्हा कोविडवरील सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाचे कागद देण्यास पालिकेने नकार दिला. आधार कोणता? १८९७ चा साथरोग कायदा. परकीय सत्तेने प्रजेला गप्प बसविण्यासाठी केलेला कायदा स्वराज्यात हिशेब झाकण्याची चादर झाला! खिचडीपासून मृतदेहांच्या पिशव्यांपर्यंतच्या खरेदीत गैरव्यवहाराचे आरोप झाले व तपास चालले. त्या तपासांत पक्षीय राजकारण मिसळले, हे खरे. पण उघड हिशेब प्रथमच मांडला असता तर त्या राजकारणाला जागा उरली नसती.

७ मार्च २०२२ रोजी पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका निवडून आलेल्या सभागृहावाचून चालविली गेली. बेस्टचे खच्चीकरण आणि कचऱ्याची निविदा या गोष्टी प्रशासकाच्या राजवटीत झाल्या, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. नगरसेवक भ्रष्ट असतात हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, नगरसेवकाच्या दारात मोर्चा नेता येतो. मृणाल गोरे १९६१ साली गोरेगावातून पालिकेत निवडून गेल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी सभागृह व रस्ता एकत्र आणला. म्हणूनच लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. प्रशासकाला असे नाव कोणी देत नाही.

पाण्याचाच प्रश्न घ्या. ‘वारंवार हात धुवा’ हा साथीचा पहिला मंत्र होता. पण २००० नंतरच्या झोपडपट्ट्यांना नळजोडणीच नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने अशा वस्त्यांनाही पाण्याचा हक्क असल्याचे सांगितले होते. तरीही साथ आली तेव्हा तेथील स्त्रिया हंड्यासाठी रांगेतच उभ्या होत्या. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण पालिकेने आणले ते मे २०२२ मध्ये, दोन मोठ्या लाटा ओसरल्यावर.

आपले काम

शेवटी आपल्याविषयी. टाळेबंदीत आपल्या कार्यकर्त्यांनी धान्य वाटले, अन्नछत्रे चालविली, परप्रांतीय मजुरांना गाडीत बसवून दिले. ते काम माणुसकीचे होते व त्याचा अभिमान वाटावा. पण त्या वेळी शिधा घेऊन आपण ज्या दारांशी गेलो, त्या दारांशी नंतर हक्काची मागणी घेऊन किती वेळा गेलो? लोक घाबरलेले होते, तेव्हा त्यांना सार्वजनिक सेवेचे मोल कळत होते. भीती गेली, आणि त्याबरोबर ते मोलही विसरले जाऊ दिले. बाबासाहेब आंबेडकरांनी सफाई कामगारांची संघटना उभारली, जॉर्ज फर्नांडिस यांनी पालिका कामगारांच्या बळावर हे शहर हलवून सोडले. त्या परंपरेचे आपण वारस म्हणवतो. कंत्राटी कामगार, मानधनावरील सेविका, भाडेगाडीचा चालक यांच्यात मात्र आपली मुळे उथळ आहेत. कायम कामगारांच्या संघटना बोनसच्या करारात आणि कंत्राटी कामगार न्यायालयाच्या पायरीवर, अशी ही फारकत आपणच चालू दिली.

म्हणून पुढील मागण्या प्रत्येक शाखेने आपल्या शहरात, मग ते मुंबई असो, सोलापूर असो वा नाशिक, नेटाने मांडाव्यात. सफाई, पाणी, आरोग्य आणि वाहतूक या चार सेवांतील नित्याचे काम कंत्राटाने देऊ नये, व आज त्यांत राबणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने हजेरीपटावर घ्यावे. आरोग्य सेविकांना कर्मचारी म्हणून मान्यता व वेतन द्यावे. आजारपणाची पगारी रजा प्रत्येक कामगाराला मिळावी. आवश्यक सेवेतील कामगाराला कामाच्या ठिकाणाजवळ पालिकेने घर द्यावे. विभागवार नियंत्रणाची जी पद्धत साथीत उपयोगी पडली, ती शांततेच्या काळातही आरोग्य व पाणी यांसाठी चालू ठेवावी, आणि त्या समितीत नगरसेवकांबरोबर वस्तीचे व कामगारांचे प्रतिनिधी असावेत. साथीतील प्रत्येक खर्चाचा हिशेब ठरावीक मुदतीत सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक करावे, आणि १८९७ चा कायदा रद्द करून नागरिकांचे हक्क सांगणारा नवा कायदा करावा.

यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंग्रज आयुक्ताला जे भीतीपोटी कळले होते, ते आपण न्यायापोटी मान्य करावे, एवढेच यात म्हटले आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल त्या पहाटे हजेरी चौकी उघडी असेल काय, आणि उघडी असली तर सही करावयास कोण येईल, हे मात्र आज आपण काय करतो यावर ठरणार आहे. कामाला लागू या.